ऑफलाइन नकाशा फोनवर उतरवताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाला निघालेल्या एका ग्रुपने पायथ्याच्या पाचनई गावात नकाशा उघडला, तर पडद्यावर नुसते राखाडी चौकोन. आम्हीच बनवलेल्या नकाशाच्या ॲपबद्दलची ही तक्रार; तुम्ही असं ॲप बनवत असाल तर या चुका टाळा. डाउनलोड अर्ध्यावर अडकलं होतं, कारण गडाभोवतीचा 20 बाय 20 किलोमीटरचा भाग आम्ही झूम 12 पासून 18 पर्यंत (आकडा मोठा तितका तपशील बारीक) सरसकट मागवत होतो.

हिशेब करून बघा. झूम एका पायरीने वाढला की टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, चौपट होतात. सह्याद्रीच्या या अक्षांशावर झूम 15 ची टाइल साधारण 1.15 किलोमीटर रुंद असते, म्हणजे एवढ्या भागाला 300 टाइल्स पुरतात. झूम 18 ला त्याच 19 हजारांवर जातात. सगळ्या पातळ्या मिळून 26 हजारांच्या आसपास. टाइलमागे 20 केबी धरले तरी 500 एमबी झाले! झूम 16 ला थांबलात तर हेच काम 32 एमबीत होतं.

म्हणून पूर्ण भाग 16 पर्यंतच द्या. 17 आणि 18 फक्त वाटांच्या दुतर्फा अर्धा किलोमीटर, शिवाय पाण्याच्या टाक्या आणि मुक्कामाच्या जागांपाशी. नळीच्या वाटेने चढणाऱ्याला पलीकडच्या खोऱ्यातलं एकेक घर दिसायची गरज नसते.

डोंगरांची छटा दाखवणाऱ्या थरात तर आणखी वाया जातं. 2000 साली अंतराळयानातून मोजलेली एसआरटीएम मोहिमेची जमिनीची उंची साधारण 30 मीटरला एक बिंदू देते. झूम 12 चा एक पिक्सेल इथे 36 मीटरचा आहे. म्हणजे 13 च्या पुढे नवीन माहिती मिळतच नाही, तेच चित्र ताणून परत पाठवलं जातं. ते ताणायचं काम फोनवर सोपवा.

डाउनलोडचा क्रम ही आमची दुसरी मोठी चूक, आणि त्या ग्रुपला खरा त्रास हिच्यामुळे झाला. बारीक टाइल्स आधी मागवू नका. 12, 13, 14 अशा चढत्या क्रमाने आणा, म्हणजे खिंडीत रेंज गेली तरी कामापुरता नकाशा हातात असतो. बारीक टाइल नसेल तिथे कमी झूमची टाइल मोठी करून दाखवा. धूसर दिसेल, पण वाट दिसेल. रिकामा चौकोन पाहून माणूस घाबरतो.

नकाशा सुधारला की सगळं पुसून पुन्हा उतरवणंही टाळा. प्रत्येक टाइलचा ईटॅग, म्हणजे सर्व्हरने दिलेली आवृत्तीची खूण, जपून ठेवा आणि विचारताना तो सोबत पाठवा. बदल नसेल तर सर्व्हर 304 (‘बदल नाही’) एवढंच म्हणून मोकळा होतो. आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशा प्रकल्पाच्या मोफत टाइल सर्व्हरवरून घाऊक डाउनलोड करू नका, त्यांच्या नियमात ते बसत नाही. डेटा घेऊन टाइल्स स्वतः बनवा.

हजारो सुट्या फायलींपेक्षा एमबीटाइल्सची (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणाऱ्या प्रकारची) एकच फाइल बरी. मात्र फाइल पूर्ण उतरूनही नकाशा कोराच दिसत असेल तर आधी टाइल्सच्या आडव्या ओळींचे क्रमांक तपासा. एमबीटाइल्समध्ये ते खालून मोजतात, वेबवर बहुतेक ठिकाणी वरून. झूम 15 ला 32,767 मधून ओळीचा क्रमांक वजा केला की टाइल जागेवर येते. तरीही कोरं असेल आणि टाइल्स व्हेक्टर (चित्राऐवजी रेषा-आकारांचा डेटा असलेल्या) असतील, तर त्या जीझिपने दाबून लहान केलेल्या आहेत का ते बघा. बहुधा असतात, आणि उघडायच्या आधी त्या सोडवाव्या लागतात.