मयूरासन जमत नाहीये? या चुका टाळा (त्यातली एक माझीच होती)

गोव्यात, फोंड्याला एका देवळाच्या हॉलात आमची सकाळी ६ ची योगाची बॅच असते आणि मयूरासन (कोपरं पोटाला लावून सगळं अंग दोन तळव्यांवर आडवं तोलायचं ते) घेतलं की कोणी ना कोणी लालबुंद होऊन म्हणतंच, "टीचर, पांय वयर येनात!" आणि मीपण चांगली चारेक वर्षं त्याला एकच उत्तर देत आले, उचला, अजून थोडे उचला. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती शिकणाऱ्यांची नाही, माझी.

झालं काय, एकदा एक काकू म्हणाल्या, जरा सावकाश करून दाखव गो, तू नेमकं काय करतेस ते दिसतच नाही. सावकाश करायला गेले तेव्हा मलाच कळलं की मी पाय उचलतच नाही! मी फक्त छाती पुढे सरकवते, डोकं आणि खांदे कोपरांच्या पुढे गेले की मागे पाय आपोआप हलके होतात, तागडीचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं तसं. स्वतःला जमत होतं म्हणून कधी बघितलंच नव्हतं आणि तोंडाने भलतंच सांगत होते.

आता करायचं असं. गुडघ्यावर बसून तळवे जमिनीवर, बोटं पायांकडे, कोपरं जुळवून पोटाला लावायची, कपाळ पुढे उशीवर टेकवायचं, पाय मागे लांब करायचे. मग पायाच्या बोटांनी मुंगीच्या पावलांनी अंग पुढे ढकलत राहायचं, एक क्षण असा येतो की अंगठे जमिनीला नुसते चिकटलेत असं वाटतं, तेव्हा आधी एक पाय, मग दुसरा. डोकं सगळ्यात शेवटी वर. उडी मारली की संपलं, नाक फरशीवर. बोटं मागे असल्यामुळे पुढे जाणारा तोल धरायला ब्रेकच नसतो ना, म्हणून ती उशी काढू नका, लाज कसली त्यात.

बोटं पुढे ठेवून करणारेही भेटतात, ते हंसासन झालं, आणि अंग पुढे झुकवलं की त्यात मनगट जास्त मुडपतं. बोटं मागे असली की हात पुढे झुकताना मनगट उलट थोडं मोकळं होतं. ज्यांचं मनगट आधीच कुरकुरतंय त्यांनी हे नीट लक्षात ठेवा, आणि जाडजूड मॅट नको, तळवा त्यात रुततो आणि मनगटाचा कोन अजून वाईट होतो.

कोपरं. ही फाकली की सगळा डोलारा कोसळतो. दंडाला कोपराच्या थोडं वर ओढणी बांधा घट्ट, काही दिवसांनी लागत नाही. आणि कोपरं बरगड्यांवर टेकवू नका, दुखणार म्हणजे दुखणारच. हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात शब्दच आहे, नाभिपार्श्व, म्हणजे बेंबीच्या दोन्ही बाजूंना. तिथेच पुढे दंडवत असाही शब्द आहे, म्हणजे काठीसारखं ताठ, पण आमच्या बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात सगळे दुसऱ्या अर्थाचं दंडवत घालतात, थेट तोंडावर. पाय ढिले सोडले की ते जास्त जड लागतात, मांड्या आवळून ताठ धरा.

त्याच ग्रंथात असंही आहे की या आसनाने वाटेल ते खाल्लेलं भस्म होतं, अगदी कालकूट विषसुद्धा पचतं. हे मी एकदा हौसेने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एक काका पोय-भाजी (पोय म्हणजे आमचा गोव्याचा पाव) हाणून आले, विचारलं तर म्हणे तुम्हीच म्हणालात ना पचतं! पुढचं सांगत नाही. जेवणानंतर निदान ४ तास जाऊ द्या, आम्ही तर पहाटे रिकाम्या पोटीच करतो. हाय बीपी, हर्निया, अल्सर, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको, गरोदरपणात आणि पाळीतही नको.

जून-जुलैमध्ये एक वेगळाच त्रास, हवाच इतकी ओली की तळवे सटासट घसरतात आणि घसरताना कोपर पोटात खुपसतं ते निराळंच. सुका पंचा जवळ ठेवा, प्रत्येक प्रयत्नाआधी हात पुसा. एका दिवसात ३ प्रयत्न पुरे, सुरुवातीला ५ सेकंद राहिलात तरी खूप झालं, मी बघितलंय की दहा-बारा वेळा झटापट करणाऱ्यांची मनगटं आठवडाभर बोलतात आणि मग ते येतच नाहीत.

बायकांना हे जरा जड जातं कारण वजन कमरेखाली जास्त असतं, मलाही गेलं. ज्यांना पद्मासन सहज लागतं त्यांनी मांडी घालून बघा, पाय जवळ आले की मागचं पारडं हलकं होतं. मात्र गुडघ्यावर जबरदस्ती नको.

आमच्या हॉलाचं दार रस्त्याकडे उघडतं, साडेसहाच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पोय, उंडे असे पाव विकणारा, भोंपू वाजवत जातो. "उचला" म्हणणं मी सोडलं तेव्हापासून एकच ओरडते, पोदेराकडे बघा, अजून पुढे! त्या काकूंचे पाय पहिल्यांदा सुटले ते असेच, भोंपू ऐकून मान वर झाली आणि त्या चार इंच पुढे गेल्या. खाली आल्यावर पहिलं वाक्य होतं, आज उंडे घ्यायचे राहिले गो.