जर्मनीतले पहिले आठवडे: घराचा कागद आधी, बाकी सगळं नंतर

ॲडमिशन झालंय, एपीएस, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र, आलंय, व्हिसाचा शिक्का बसलाय आणि विमानाचं तिकीट काढलंय, असं धरूनच मी पुढं बोलतो. तिथवर पोचवणारे सल्लागार कोल्हापुरात पायलीला पन्नास आहेत. विमानातून उतरल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांतले फार थोडे धड सांगतात.

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की राजारामपुरीत आमच्या घरी पोरं आणि त्यांचे आईबाप येऊ लागतात. कांदा-लसूण मसाला किती किलो न्यायचा आणि जॅकेट इथनं घ्यायचं का, हे प्रश्न वहीत लिहून आणलेले असतात. राहायचं कुठं ठरलंय म्हणून विचारलं की उत्तर येतं, "एजंट म्हणाले, तिथं गेल्यावर मिळतंय की." हा सल्ला देणाऱ्याला एकदा ऑक्टोबरात म्युनिकला नेऊन खोली शोधायला लावली पाहिजे.

सामानाचं एका दमात सांगतो. मसाला, गूळ, डाळी न्या. मटणाचं लोणचं, तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा. जॅकेट तिथं घ्या, तिथल्या थंडीसाठी केलेलं मिळतं. मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत.

पैशाचं जरा नीट ऐका. ब्लॉक अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं बंद खातं. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरले म्हणजे खिशात पैसे आले, असा समज असतो. तसं नसतं. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि तेही तिथं पोचून चालू खातं उघडल्यावर आणि ब्लॉक अकाउंट सुरू करून घेतल्यावर. यात काही आठवडे सहज जातात. वर घरमालक डिपॉझिट मागतो, ते कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. मूळ म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरायच्या आधीचं भाडं. तेव्हा डिपॉझिट आणि दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर वेगळी हवीच. बापाला हे जुलैत सांगा, विमानतळावर नको.

आता खरं काम. त्याला म्हणतात आनमेल्डुंग, म्हणजे आपण अमुक पत्त्यावर राहतो अशी शहराच्या दप्तरी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची, असा कायदा आहे. शहराप्रमाणं ऑफिसला ब्युर्गरआम्ट किंवा ब्युर्गरब्युरो म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा एक कागद घेऊन जायचं. दहा मिनिटांचं काम. पण त्या शेवटच्या कागदावर सगळं अडतं.

त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पाठ करायची गरज नाही, मिळवायची आहे. अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आला, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. २०१५ च्या नोव्हेंबरपासून हा कागद पुन्हा सक्तीचा झाला. भाडेकरार दाखवून भागत नाही. दरवर्षी कुणीतरी बारा पानांचा करार घेऊन जातं आणि हात हलवत परत येतं. आपल्याकडं सातबाऱ्याशिवाय सोसायटी दारात उभं करत नाही, तीच गत तिथं या कागदाशिवाय होते. नोंद नाही म्हणजे टॅक्सचा नंबर नाही, काही बँकांत खातं नाही आणि पुढं रेसिडेन्स परमिटचा अर्जही अडकतो.

माझ्या पहिल्या घरमालकानं डिपॉझिट रोख घेतलं, किल्ली दिली, आणि सहीचं नाव काढलं की "पुढच्या आठवड्यात". पुढचा आठवडा काही येईना. शेवटी शेजारच्या खोलीतल्या तुर्की पोरानं सांगितलं की हा स्वतःच भाडेकरू आहे आणि मूळ मालकाला न विचारता खोल्या देतो. सही केली तर त्याचंच बिंग फुटेल. डिपॉझिट परत काढताना माझा घाम निघाला आणि ऑफिसची मिळालेली वेळ वाया गेली ती वेगळीच. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: नोंदणी होणार नाही अशी खोली कितीही स्वस्त असो, कितीही कॉलेजजवळ असो, घ्यायची नाही. जाहिरातीत "काइने आनमेल्डुंग", म्हणजे नोंदणी होणार नाही, असं दिसलं की पुढं वाचूच नका. "थोडे दिवस राहा, मग बघू" म्हणणाऱ्या मित्राचंही ऐकू नका. ऑक्टोबरात मग बघायला काही उरलेलं नसतं.

घर बघताना, भाडं विचारायच्याही आधी विचारा: नोंदणी करता येईल का, आणि कागदावर सही कोण करणार? उत्तर लेखी घ्या, साधा ईमेल चालतो. वेगेमध्ये, म्हणजे चार जणांत मिळून घेतलेल्या घरात, पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मुख्य भाडेकरू सही करू शकतो, पण मूळ मालकाची परवानगी असली पाहिजे. ती आहे का, हेही विचारा. विचारायला लाजू नका, तिथं या प्रश्नाचं कुणाला काही वाटत नाही. खरं तर कागद देणं हे घर देणाऱ्यावर कायद्यानं बंधनच आहे, आणि तो नाकारत असेल तर तसं ऑफिसला कळवायचं असतं. पण नव्या गावात पहिल्याच महिन्यात घरमालकाशी भांडण कुणी काढत नाही. म्हणून आधीच विचारायचं.

दोन सापळे आहेत. "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल" असं लिहिणारा मालक. फोटो झकास असतात, भाडं निम्मं असतं, आणि ती खोली जगात कुठंच नसते. व्हिडिओ कॉलवर खोली फिरवून दाखवत नसेल तर एक युरोही पाठवू नका. दुसरा सापळा आपल्याच माणसांचा: "माझ्या पत्त्यावर नोंदव की, तू राहा कुठंही." खोटा पत्ता पुरवणाऱ्याला तिथं ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या पत्त्यावर आपण राहत नाही तिथं नाव लावायचं नाही.

सगळ्यांत बरा मार्ग म्हणजे श्टुडेंटनवेर्कचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय बघणाऱ्या संस्थेचं, हॉस्टेल. काही शहरांत त्या संस्थेला श्टुडिरेंडनवेर्क म्हणतात. भाडं कमी, आणि कागदाला कुणी टाळाटाळ करत नाही. पण यादी लांब असते. ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका. व्हिसाची वाट बघत बसाल तर नंबर लागायचा नाही.

ऑफिसची वेळ ऑनलाइन घ्यायची असते आणि ऑक्टोबरात ती सहा-सहा आठवडे पुढची दिसते, कारण सगळ्या देशांची पोरं त्याच महिन्यात उतरतात. दुसऱ्यांनी सोडलेल्या वेळा पुन्हा यादीत येतात, त्यामुळं सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास पान परत परत उघडत राहा. बर्लिनसारख्या शहरात कुठल्याही भागातलं ऑफिस चालतं. लांबचं असलं तरी जा. दोन आठवड्यांच्या आत वेळ मिळाली नाही तर निदान त्या मुदतीत बुकिंग केल्याचा पुरावा जवळ ठेवा. दंड हजार युरोपर्यंत होऊ शकतो असं कायद्यात आहे, पण वेळ घेऊन ठेवलेल्या विद्यार्थ्याला सहसा कुणी छळत नाही.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथल्या कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली की पगारावरच्या आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चचा कर कापला जातो. आपल्याकडच्या ख्रिस्ती मुलांनी हे माहीत असूनच रकाना भरावा. बाकीच्यांनी डोकं खपवू नये.

आणि पत्रपेटी! जर्मनीत पत्त्यावर फ्लॅटचा नंबर सहसा नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. टॅक्सचा नंबर, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानंच येतं. राहायला गेल्याच्या संध्याकाळी पेटीवर आडनाव चिकटवा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये. तिथं हाका मारून "पाटलांचं पोरगं कुठंय" म्हणणारं कुणी नाही.

नोंदणीनंतरचं सोपं आहे. चालू खातं उघडा, ब्लॉक अकाउंट सुरू करून घ्या. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतला आरोग्यविमा सवलतीत मिळतो, तो इथनंच ठरवून जा. विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते. रेसिडेन्स परमिटचा अर्ज मात्र लगेच टाका. ते ऑफिस वेगळं, आउसलेंडरबेहोर्डे. तिथं भेटीची वेळ कधीही मिळो, अर्ज व्हिसा संपायच्या आत त्यांच्याकडं पोचलेला पाहिजे. कामाचं पहिल्या महिन्यात मनावर घेऊ नका. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, पळून जात नाही.

जर्मनीऐवजी दुसरीकडं जाणाऱ्यांसाठी: नेदरलँड्समध्येही नगरपालिकेत पत्ता नोंदवल्यावर बीएसएन, म्हणजे तिथला नागरी ओळख नंबर, मिळतो, म्हणजे घराची भानगड तीच. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. इटलीत उतरल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून परमिटचा अर्ज द्यायचा. फ्लॉरेन्सला गेलात तर कॅशिने बागेत कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री बघून या. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासातून परतताना ते तिथंच वारले.

रोजच्या जगण्यातलं थोडं. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळपर्यंत किराणा भरा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकले की बहुतेकांचे २५ सेंट परत मिळतात. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडा आणि खोलीचं दार लावा. हॉस्टेलचा स्मोक अलार्म वाजला तर सगळी इमारत रस्त्यावर येते. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण एका घराला एकच. घरातला दुसरा कुणी भरत असेल तर त्याचा नंबर कळवून मोकळे व्हा. पत्र कचऱ्यात टाकलंत तर पुढचं दंडासकट येतं.

आणि सहा महिन्यांनी बरी खोली मिळाली म्हणून घर बदललंत तर तिथंही दोन आठवडेच. नव्या मालकाची सही, नवा कागद, पेटीवर पुन्हा आडनाव, आणि बँक, विमा, विद्यापीठ, परमिटचं ऑफिस यांना नवा पत्ता.