काळी काच: मोजायची कशी, फिल्म काढायची कशी

गाडी कोल्हापूरची एमएच ०९ असो की कागल नाक्यापलीकडची, कर्नाटकातली, नियम देशभर एकच. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर काळी फिल्म चिकटवायलाच बंदी घातली. १ एप्रिल २०२१ पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ (आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात येते) आले, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मानकात बसणारी फिल्म चालेल असे म्हटले. दुकानदार तेवढेच सांगतो. टक्केवारीचे बोलत नाही.

टक्के गुणले जातात, वजा होत नाहीत. कंपनीची हिरवट काच ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर उरतात जेमतेम ३७. पाकिटावरचा आकडा नुसत्या फिल्मचा असतो.

मोजताना काच अर्धी खाली घ्या, दोन्ही बाजू पुसा. उजेड मोजणारा मीटर आधी हवेत धरून १०० दाखवतो का पाहा, मग त्याचे दोन तुकडे काचेच्या आत-बाहेर समोरासमोर बसवून तीन ठिकाणी आकडा घ्या. काच धुळकट असेल तर आकडा कमी येतो आणि वाद होतो. कोपऱ्यात कोरलेला आयएस २५५३ हा शिक्का काचेचा, फिल्मचा नव्हे.

फिल्म काढायची तर उद्यमनगरात गाडी देता येते, घरीही जमते. आधी दरवाजाच्या कडेला टॉवेल खोचा, नाहीतर पाणी काचेच्या स्विचमध्ये उतरते. हेअर ड्रायर दोन-तीन इंचांवरून सतत फिरवत कोपरा गरम करा, नखाने उचला आणि काचेला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. घाईत हिसका दिला की वरचा थर निघतो, गोंद काचेवरच राहतो. मग साबणाचे पाणी मारून दहा मिनिटे भिजवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा.

मागच्या काचेवर ब्लेड लावूच नका. तिथल्या तांबूस रेघा म्हणजे डिफॉगर, काच तापवून तिच्यावरची वाफ घालवणाऱ्या तारा; एक रेघ तुटली की तेवढा पट्टा पावसाळ्यात धुरकटच राहणार. तिथे वाफ द्या आणि रेघांच्या दिशेनेच ओढा. पुढच्या काचेवर एकाच जागी उष्णता धरू नका, तडा जातो.

ओढून घ्यायच्या पडद्यांवर आणि जाळ्यांवरही पोलीस कारवाई करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, पुढे १५०० पर्यंत. दंडाचे सोडा, कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात धुके उतरले की बाजूचा आरसा याच काचेतून बघावा लागतो.