शिष्यवृत्त्या आणि सन्मान बायोडाटात कसे लिहावेत

सातारा-सांगलीकडचा पीएचडी करणारा विद्यार्थी परिषदेसाठी किंवा पुढच्या पदासाठी अर्ज करताना बायोडाटा बहुधा शेवटच्या रात्री तयार करतो, आणि त्यात 'शिष्यवृत्त्या व सन्मान' हा भाग सर्वांत मोघम उतरतो. असे बायोडाटे वाचताना मी प्रथम एकच पाहतो: पैसे कोणते आणि मान कोणता, हे वेगळे कळते का?

अर्थसाहाय्याखाली केवळ आपल्या नावे मंजूर झालेली रक्कमच लिहावी. मार्गदर्शकांच्या प्रकल्पात सहायक म्हणून मिळालेले वेतन ही आपली शिष्यवृत्ती नव्हे. त्याची जागा अनुभवात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दल 'नेट उत्तीर्ण' एवढेच लिहिणे तर अर्धवटच, कारण विज्ञान विषयांच्या सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफसाठी, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, पात्र ठरणे आणि केवळ सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पात्र ठरूनही अधिछात्रवृत्ती प्रत्यक्ष न घेणारे असतातच. म्हणून नोंद अशी करावी: 'कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, सीएसआयआर, रसायनशास्त्र, रुजू जानेवारी २०२४, दरमहा ३७,००० रुपये'. पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली, तर ४२,००० रुपयांची वेगळी ओळ जोडावी.

सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती लिहिताना काहींना उगाच संकोच वाटतो. तो सोडावा, मात्र संस्थेचे पूर्ण नाव द्यावे. बंगळुरूच्या परीक्षकाला 'बार्टी' म्हणजे पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, हे कसे कळणार? 'इन्स्पायर' या केंद्र सरकारच्या अधिछात्रवृत्तीसाठी पदव्युत्तर परीक्षेतील विद्यापीठातला पहिला क्रमांक ग्राह्य धरला जातो, महाविद्यालयातला नाही. तेव्हा 'प्रथम' या शब्दापुढे कुठे ते लिहावे आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून गुणानुक्रमाचे प्रमाणपत्र वेळेत मिळवून ठेवावे, कारण ऐन मुदतीच्या आठवड्यात ते हाती पडत नाही.

सन्मानांत पातळी महत्त्वाची. 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत हळदीतील कर्क्युमिनवर पोस्टर मांडून जिल्हा फेरीत दुसरा क्रमांक मिळाला असेल, तर 'आविष्कार विजेता' असे न लिहिता 'आविष्कार, जिल्हा फेरी, पोस्टर, द्वितीय' असे लिहावे. राज्यस्तरावर गेलेला परीक्षक समोर बसलेला असू शकतो. 'कमवा व शिका' योजनेत केलेले काम मात्र सन्मानांत नको, कामाच्या अनुभवात घालावे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कर्मभूमीत ते लपवायचे तर कारणच नाही.

सर्वांत अलीकडची नोंद वर ठेवावी आणि प्रत्येक ओळीमागचे पत्र त्याच क्रमाने स्कॅन करून ठेवावे. दहावीतली तालुकास्तरीय निबंधस्पर्धा आता काढून टाकावी.