ओकाझाकीला मिसो बघायला जायचं असेल तर

जपानात नागोयाला आलात आणि अर्धा दिवस मोकळा असेल तर मॉल-बिल राहू दे, जवळच ओकाझाकीला काकुक्यूचं मिसो म्युझियम बघून या. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट. १६४५ पासूनचं घराणं आहे, हाच्चो मिसो बनवणारं. हाच्चो म्हणजे आठ चो, चो हे अंतराचं जुनं जपानी माप, ओकाझाकी किल्ल्यापासून ते गाव तेवढ्या अंतरावर, साधारण ८७० मीटर, म्हणून हे नाव. जपानवर राज्य केलेला शोगुन तोकुगावा इएयासु जन्मला तो हाच किल्ला, जाता जाता तोही होतो.

आधी गाडीचं सांगतो. मी जेआरने, म्हणजे जपान रेल्वेने गेलो, ओकाझाकी अशी पाटी दिसली की उतरलो आणि बघतो तर किल्ला तिथून तीन-चार किलोमीटर लांब! तुम्ही मेइतेत्सु या खासगी रेल्वेची गाडी धरा आणि ओकाझाकीकोएन-माए स्टेशनला उतरा, फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत त्यामुळे मधे लोकल पकडायला लागते, पण उतरल्यावर पाचेक मिनिटांत पोचता. चुकून जेआरला उतरलातच तर आइची लूप लाइनने नाका-ओकाझाकीला या, तेही जवळच.

टूर ठरलेल्या वेळेला निघते, आदल्या दिवशी साइटवर वेळ बघून ठेवा. जुनं मिसोचं गोदाम, १९०७ चं, तेच आता म्युझियम. पुतळे उभे करून जुनं काम दाखवलंय, ते पटकन उरका.

खरी मजा कोठारात. सुगी म्हणजे जपानी देवदारासारख्या झाडाच्या लाकडाची माणसाएवढी पिंपं, बांबूच्या कड्यांनी आवळलेली, एकेकात सहा टन मिसो आणि वर तीन टन नदीचे गोटे, हाताने एकावर एक असे रचलेले की ढीग हलत नाही, आणि हे रचायला शिकण्यात वर्षं जातात म्हणे. आमची आजी खारातल्या आंब्यांवर दगड ठेवायची तेच, फक्त इथे तीन टन! मिसोत पाणी कमी असतं, दाबामुळे ते सगळीकडे सारखं पोचतं. असं दोन उन्हाळे दोन हिवाळे मुरवतात. तांदूळ-बार्ली काही नाही, नुसतं सोयाबीन, मीठ, पाणी, म्हणून रंग काळपट आणि चव जराशी तुरट.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, मिसो चालतं पण मिसो सूपमध्ये बहुतेक वेळा माशाचं दाशी, म्हणजे माशाचा अर्क असलेलं पाणी असतं, चाखायच्या आधी "दाशी वा कात्सुओ देस का?" (दाशी कात्सुओ माशाचं आहे का?) विचारा.

दुकानातून पाकीट घेतलंत तर चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलंत तर विमानतळावर काढून घेतील.