अणुकराराच्या वाटाघाटी कुठे फसतात? या चुका टाळा

अणुकरार मोडला की बातम्यांत बहुतेक वेळा एकच कारण येतं, समोरचा देश फसवा निघाला. कधीकधी ते खरंही असतं. पण जुन्या वाटाघाटी नीट वाचल्या की कळतं, घोडं पुष्कळदा आधीच पेंड खात होतं, म्हणजे मागायचं काय, लिहायचं काय आणि घरच्यांना विचारायचं कधी यातच घोळ होता. आणि हा घोळ फार महाग पडतो, कारण चर्चा थांबली तरी सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं, थांबत नाहीत.

"सगळं द्या, नाहीतर काहीच नको"

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. इराणचं बघा. 2003 पासून ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी इराणशी बोलत होते, युरेनियमचं समृद्धीकरण, म्हणजे ते अणुभट्टीच्या इंधनासाठी किंवा पुढे बॉम्बसाठी वापरता येईल असं करणं, तात्पुरतं थांबलंही होतं. 2005 मध्ये इराण म्हणाला की देखरेख ठेवा पण मर्यादित समृद्धीकरण चालू ठेवू द्या, आणि अमेरिका समृद्धीकरण अजिबात नको यावरच अडून बसली, युरोपला त्यापुढे जाता आलं नाही आणि चर्चा बारगळली. 2006 मध्ये इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात 164 सेंट्रिफ्यूजची साखळी चालू झाली. 2013 पर्यंत बसवलेल्या सेंट्रिफ्यूजचा आकडा 19 हजारांच्या आसपास गेला! शेवटी जुलै 2015 च्या व्हिएन्ना करारात नतान्झला 5,060 चालू ठेवायची परवानगी द्यावीच लागली, समृद्धीकरण 3.67 टक्क्यांपर्यंत आणि समृद्ध युरेनियमचा साठा 300 किलोपर्यंत या अटींवर. निर्बंधांचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही, दबाव होताच, पण नुसत्या दबावाने गाडी हलली नव्हती. ओमानमार्फत गुपचूप बोलणी झाली, त्यात थोडंफार समृद्धीकरण चालेल असा इशारा अमेरिकेने दिला, तेव्हा कुठे नोव्हेंबर 2013 चा जिनिव्हाचा अंतरिम करार झाला.

तेव्हा बोलणी अडली असतील तर आधी हे तपासा की आपली मागणी समोरच्याला आपल्या देशात तोंड दाखवायला जागा ठेवते का. उत्तर कोरियाला "लिबियासारखं करा" असं 2018 मध्ये अमेरिकेतून जाहीरपणे सांगितलं गेलं. लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांनी 2003 मध्ये अणुकार्यक्रम सोडला आणि 2011 मध्ये ते मारले गेले, हे प्योंगयांगमध्ये कोणाला माहीत नव्हतं का?

गोड वाटणारी मोघम भाषा

29 फेब्रुवारी 2012 ला अमेरिका आणि उत्तर कोरियाने समझोता जाहीर केला, पण एकच कागद नाही, दोघांनी आपापलं वेगळं निवेदन काढलं. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडायची नाहीत हे दोन्हीकडे होतं. उपग्रह सोडणारं रॉकेट त्यात धरायचं की नाही हे मात्र लिहिलंच नव्हतं. अमेरिकेचं म्हणणं की आम्ही चर्चेत स्पष्ट सांगितलं होतं. एप्रिलमध्ये उत्तर कोरियाने उपग्रहाच्या नावाने रॉकेट उडवलं, ते फसलं, आणि समझोताही गेला, सोबत ठरलेली 2 लाख 40 हजार टनांची अन्नमदत पण. जो शब्द लिहायला अवघड जातोय तिथेच पुढचं भांडण असतं, म्हणून तो आधी सोडवा.

थेट नेत्यांना बसवणं

फेब्रुवारी 2019, हनोई. ट्रम्प आणि किम समोरासमोर, पण खालच्या अधिकाऱ्यांनी मुख्य मुद्दे मिटवलेलेच नव्हते. उत्तर कोरियाचं योंगब्योन अणुकेंद्र बंद करण्याच्या बदल्यात किती निर्बंध उठवायचे इथेच अडलं, ठरलेलं जेवणही रद्द झालं. याउलट 2015 मध्ये अमेरिकेचे ऊर्जामंत्री मोनिझ आणि इराणचे अणुप्रमुख सालेही हे दोघं तांत्रिक बाबींवर बसले, दोघंही विषय जाणणारे, आणि परराष्ट्रमंत्र्यांना न सुटणारे बरेच प्रश्न तिथे सुटले.

घरचा पाठिंबा गृहीत धरणं

1994 च्या अमेरिकेबरोबरच्या करारात अणुकार्यक्रम थांबवण्याच्या बदल्यात उत्तर कोरियाला दोन अणुभट्ट्या आणि वर्षाला 5 लाख टन इंधन तेल द्यायचं ठरलं. काही आठवड्यांतच अमेरिकन काँग्रेस विरोधकांच्या हातात गेली, पैशाची ओढाताण सुरू झाली, तेल उशिरा, अणुभट्ट्या तर कधी पूर्णच झाल्या नाहीत. उत्तर कोरियानेही चोरून बॉम्बचा दुसरा मार्ग धरला होता, तो दोष त्यांचाच. पण आपला शब्द आपणच पाळू शकलो नाही तर समोरच्याला जाब कुठल्या तोंडाने विचारणार? 2015 चा इराण करारही सिनेटने मंजूर केलेला नव्हता, म्हणून मे 2018 मध्ये एका राष्ट्राध्यक्षाला सहज बाहेर पडता आलं.

मग अडलं तर करायचं काय?

अडलेला तुकडा बाजूला काढा, पूर्ण करार सोडू नका. अणुचाचणीबंदीची चर्चा वर्षाला एकमेकांच्या देशात जाऊन किती तपासण्या करायच्या यावर अडली होती, अमेरिका 7 वर आणि सोव्हिएत संघ 3 वर. तेव्हा भूमिगत चाचण्या वगळून हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार ऑगस्ट 1963 मध्ये मॉस्कोत झाला. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या हे खरं, पण सही करणाऱ्यांच्या हवेतल्या चाचण्या तरी थांबल्या.

1996 च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात नेमकं उलटं केलं. ठरावीक 44 देशांनी मान्यता दिल्याशिवाय करार लागूच होणार नाही असं कलम घातलं, त्यात भारताचंही नाव, आणि भारत तर आधीच ठाम नाही म्हणत होता. ते घोंगडं अजून भिजतच पडलंय.