गारठा पडला, प्रोपोलिसची जाळी लावा; पण गावागावाचा माल वेगळा ठेवा

कापसाची वेचणी निम्म्यावर आली आणि पहाटे तापीकाठी गारठा जाणवू लागला, की मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी, झाडांची राळ आणून पेटीच्या फटी बुजवायला घेते. झाकण उघडताना ‘टक्क’ असा आवाज होतो, फ्रेमच्या (पोळ्याच्या चौकटीच्या) कानांवर तपकिरी चिकटा दिसतो, तेच प्रोपोलिस. सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेटीत ते शोधत बसू नका, ती माशी ते गोळाच करत नाही.

झाकणाखाली बारीक भोकांची खाद्यदर्जाची प्लॅस्टिक जाळी ठेवा. साधारण ६ मिमीपेक्षा अरुंद फट माशी प्रोपोलिसने भरते. जाळी काढायची ती ऊन वर आल्यावर, माशी उडायला लागली की. थंडीत पिल्लांचा कप्पा उघडा टाकू नका. जाळी घरी आणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी पिळा. कपच्या काचेसारख्या तडतड सुटतात. मी पहिल्या वर्षी भर दुपारी खरवडायला बसलो होतो. माल कमी, बोटं चिकटलेली जास्त.

आता भावाचं. व्यापारी ‘ब्राझीलसारखा हिरवा आहे का?’ विचारतो, आणि आपण मान डोलावतो. तसं करू नका. प्रोपोलिसमध्ये ढोबळमानाने निम्मी राळ, ३० टक्के मेण, १० टक्के सुगंधी तेलं, बाकी परागकण वगैरे. त्यातली राळ कुठल्या झाडाची, यावर सगळं ठरतं. युरोपात माशी पॉपलरच्या कळ्यांवर जाते, म्हणून तिथल्या मालात पिनोसेंब्रिन, क्रायसिन, गॅलँगिन हे फ्लॅव्होनॉइड (झाडातली रसायनं) सापडतात. ब्राझीलचा हिरवा माल बॅकॅरिस नावाच्या झुडपाचा. त्याची ओळख आर्टेपिलिन-सी हे रसायन. तिथलाच लाल माल आपल्या शिसवाच्या नात्यातल्या झाडाचा, त्यात आयसोफ्लॅव्होनॉइड असतात. क्युबात आणखी तिसरंच. माशी तीच, माल वेगळा.

आपल्याकडे सातपुड्यात सालई, बांधावर बाभूळ. पण डिंक म्हणजे राळ नव्हे, भाऊ. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. प्रोपोलिसची राळ पाण्यात जवळपास उतरतच नाही, तिला अल्कोहोल लागतं. झाडं बदलली की राळ बदलते, म्हणून सातपुड्यातल्या अक्राणीच्या पेट्यांचा माल आणि यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातला माल एका डब्यात घालू नका. डब्यावर गाव, महिना आणि आसपासची झाडं लिहा, प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच गुणधर्म सांगा. पेट्या पंजाब-हरियाणाकडून आणल्या असतील तर आधीचा थर खरवडून बाजूला काढा. तिकडे पॉपलरची लागवड मोठी आहे, तपासणीत पॉपलरच दिसेल.

पेटीला आतून रंग नको, गंजका खिळा नको. राळ मिळेना झाली की माशी डांबर, ओला रंगही उचलते. कापसावर फवारणी चालू असेल त्या आठवड्यात जाळी काढून ठेवा. सुटलेला माल अंधाऱ्या, थंड जागी हवाबंद डब्यात भरा, उन्हात वाळवू नका. खरवडताना हाताला पुरळ उठलं किंवा खाज सुटली तर हातमोजे घाला; काहींना प्रोपोलिसची ॲलर्जी असते, अशांनी ते पोटात घेण्याच्या भानगडीत पडू नये.